स्पीडुइनो ईसीयूवर बलेनोचं इंजिन, जिप्सीच्या बॉनेटखाली: १४ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, बोर्ड चांगला आहे. बोर्ड म्हणजे स्पीडुइनो, इंजिनचं पेट्रोल आणि ठिणगी सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर, त्यालाच ईसीयू म्हणतात. १४ महिने झाले, दोन पावसाळे बघितले त्यानं, आणि बोर्ड म्हणून एकदाही दगा दिला नाही. जे काय बंद पडलं, तापलं, रात्री दीड वाजता मला डोकं धरून बसवलं ते सगळं बोर्डच्या बाहेरचं होतं, म्हणजे माझी वायरिंग आणि एका विकणाऱ्याचा आळशीपणा. त्यामुळं हा रिव्ह्यू नावाला ईसीयूचा आहे, निम्म्याच्या वर वायरींचाच होणार, ज्याला फक्त "घेऊ का नको" एवढंच पाहिजे त्यानं शेवटाकडं उडी मारा.

गाडी ९८ सालची जिप्सी किंग, कार्बोरेटरवाली १३०० सीसी. त्यात बसवलंय जुन्या बलेनोचं जी१६बी, १५९० सीसी, १६ व्हॉल्व्ह. जुनी म्हणजे १९९९ च्या सुमारास मारुतीनं काढलेली ती सेडान, आत्ताची हॅचबॅक डोक्यात आणू नका. इंजिन कुर्ल्याच्या भंगारातनं आलं आणि तिथल्या माणसानं वायरिंग कटरनं अशी छाटली होती की इंजेक्टरच्या (पेट्रोल फवारतात ते) कनेक्टरला दोन-दोन इंच वायर शिल्लक. ईसीयू तर नाहीच. आता कार्बोरेटरच्या जिप्सीत इंजेक्शनची वायरिंगच नसते, आणि इंजिनबरोबरही आली नाही, म्हणजे दोन्हीकडनं शून्य. मूळ ईसीयू शोधा, त्याचं सॉकेट शोधा, अख्खी वायरिंग शोधा, यापेक्षा स्वतंत्र ईसीयू घालून शून्यातनं ओढावी असं ठरलं. माउंटिंग, सम्प, गिअरबॉक्सची जुळवाजुळव हे सगळं कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी केलं, तो वेगळा विषय आहे, त्यात मी फक्त चहा आणून दिला.

माझ्याबद्दल एवढंच की शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत मेंटेनन्सला आहे, दिवसभर ४१५ व्होल्टचे पॅनल उघडतो-मिटतो. त्यामुळं १२ व्होल्टचं काय एवढं, दोन रविवारात ओढून टाकू, असा माज होता. अकरा रविवार गेले.

स्पीडुइनो म्हणजे काय हे थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्या जॉश स्ट्युअर्टनं सुरू केलेला ओपन सोर्स प्रोजेक्ट आहे, सर्किट आणि कोड दोन्ही उघडं. मेंदू म्हणून कॉलेजच्या पोरांच्या प्रोजेक्टमधे असतो तोच आर्डुइनो मेगा २५६०, त्याच्यावर एक बोर्ड बसतो, त्यावर चार इंजेक्टरचे ड्रायव्हर, इग्निशनचे चार आउटपुट, पंप-पंखा वगैरेचे आउटपुट आणि हवेचा दाब मोजणारा मॅप सेन्सर. क्रँकच्या चाकावरनं आरपीएम कळतो, मॅपवरनं इंजिनात हवा किती चाललीय ते कळतं, मग १६ बाय १६ च्या टेबलात बघून इंजेक्टर किती मिलीसेकंद उघडा ठेवायचा ते ठरतं. टेबल भरायला लॅपटॉपवर ट्युनरस्टुडिओ लागतं. त्याची फुकट आवृत्ती आहे, पण गाडी चालवता चालवता टेबल आपोआप सुधारणारं फीचर पैसे भरल्यावरच मिळतं, आणि ते पैसे मी डोळे झाकून भरीन.

८ बिटचा प्रोसेसर, १६ मेगाहर्ट्झ. आजच्या काळात हसण्यासारखं वाटतं पण चार सिलिंडरला पुरून उरतं. हॅल्टेक, लिंक असले नावाजलेले ईसीयू आपल्याकडं येईस्तोवर लाखाच्या घरात जातात, आणि माझ्या गाडीची किंमत काय ते मला माहीत आहे.

मी तयार जोडलेला बोर्ड ऑनलाइन घेतला, मेगासकट साडेबारा हजार. सुटे पार्ट आणून स्वतः सोल्डर केला असता तर निम्म्यात झाला असता. विकणाऱ्याचं नाव घेत नाही. बबल रॅप भरपूर, कागद एक नाही. कुठल्या जंपरवर (बोर्डवरच्या सेटिंगच्या पिना) काय सेट करून पाठवलंय हे विचारलं तर "भाई व्हिडिओ देख लो" म्हणून एक लिंक, आणि ती लिंक दुसऱ्याच व्हर्जनच्या बोर्डची. टेबलावर १२ व्होल्ट देऊन तपासला तर तीन नंबरचा इंजेक्टर आउटपुट मेलेला. भिंग लावून बघितलं, मॉसफेटच्या (इंजेक्टर चालू-बंद करणारा स्विच) एका पायाला सोल्डर नुसतं टेकलेलं, चिकटलेलंच नाही. मी स्वतः लावून घेतलं, पाच मिनिटाचं काम. पण ज्याला सोल्डरिंग येत नाही त्यानं हाच बोर्ड गाडीत घालून तीन सिलिंडरवर महिनाभर धक्के खाल्ले असते. म्हणून कुणाकडनंही घ्या, गाडीत घालायच्या आधी टेबलावर तपासा. ट्युनरस्टुडिओत प्रत्येक आउटपुट वेगळा चालवून बघायची सोय आहे, इंजेक्टरच्या जागी १२ व्होल्टचा टेस्ट लॅम्प लावा आणि एकेक बघा. ठिणगीची कॉइल जोडून मात्र हे करू नका, कॉइलमधनं करंट जास्त वेळ राहिला की ती तापून जाते.

आता वायरिंग.

पहिलं म्हणजे वायर. आमच्या स्टोअरमधली पॅनलची वायर वापरायचा मोह झाला होता. मिस्त्रींकडच्या एका जुन्या गाडीत कुणीतरी घरातल्या फिटिंगची वायर घातलेली बघितली, वाकवली की टकटक तारा तुटत होत्या आणि इंजिनजवळचं इन्सुलेशन पापडासारखं झालेलं. गाडीला बारीक तारांची ऑटो केबलच पाहिजे. सेन्सरला अर्धा एमएम, इंजेक्टर-कॉइलला एक एमएम, पंप आणि पंख्याला अडीच. रेसिंगवाले वापरतात ती टेफझेलची वायर आणि रेकेमची स्लीव्ह फोटोत बघून घेतली आणि सोडून दिली. हीटश्रिंक आणि कापडी टेप पुण्यात बहिणीकडं गेलो होतो तेव्हा तपकीर गल्लीतनं आणली.

लांबी मोजायला एक युक्ती सांगतो, ती फुकटची आहे. वायर कापायच्या आधी अख्खा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, सुतळीनं घातला. बोर्ड डॅशखाली डाव्या बाजूला, तिथनं फायरवॉलच्या भोकातनं सुतळी बाहेर, इंजिनच्या मागनं इंजेक्टरपर्यंत, जिथं फाटा फुटतो तिथं गाठ. इंजिन हातानं हलवून बघितलं, कारण जिप्सीत इंजिन जागेवर बरंच डुलतं आणि ताणून बसवलेली वायर पहिल्याच खड्ड्यात सॉकेटमधनं निसटते. मग सुतळी काढून जमिनीवर पसरली, तिच्यावरनं वायरी कापल्या. शेजारचे म्हणाले पतंगाचा मांजा करतोय का.

दुसरी गोष्ट क्रिंपिंग. आपल्याकडं सगळे वायरमन चिमट्यानं टर्मिनल दाबतात आणि वरनं सोल्डर ओततात, आणि मीही तेच करणार होतो. पण सोल्डर तारांमधे आत शिरतं, तेवढा तुकडा सळईसारखा कडक होतो, आणि कडक भाग जिथं संपतो तिथं इंजिनच्या थरथरीनं वायर तुटते. बाहेरनं इन्सुलेशन शाबूत असतं त्यामुळं दिसतही नाही. रॅचेटवाला क्रिंपर घेतला, साडेतीन हजार गेले. पहिली वीस टर्मिनल नुसती सरावाला फेकली. प्रत्येक सरावाच्या टर्मिनलला पाच किलो तांदळाची पिशवी टांगून बघितली, ज्यातनं वायर निसटली ते क्रिंप चुकीचं. आईनं तांदूळ परत डब्यात ओतून घेतले आणि पिशवी माझ्याकडंच ठेव म्हणाली.

कनेक्टर सगळीकडं सुपरसील, रबर सीलवाले. बोर्डला मुळात ४० पिनचा कनेक्टर येतो, कॉम्प्युटरच्या जुन्या हार्डडिस्कला पट्टा असायचा तसला. टेबलावर ठीक आहे, गाडीत तो पट्टा नको. मी बोर्डपासून आठ-नऊ इंचाच्या वायरी काढून बॉक्सच्या भिंतीवर सुपरसील बसवले. बॉक्स ॲल्युमिनियमचा, विकत आणलेला, आणि फौंड्रीत काम करून ॲल्युमिनियमचा डबा विकत आणला म्हणून साईटवर आठवडाभर माझी चेष्टा चालली.

पॅनलवाल्याची एक सवय मात्र इथं कामाला आली, ती म्हणजे फेरूल. प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना नंबर आणि एका वहीत तक्ता: नंबर, रंग, कुठनं कुठं, फ्यूज कितीचा. जिप्सीतली माझी ३१ नंबरची वायर म्हणजे कूलंट टेंपरेचर, इंजिनच्या पाण्याचं. हे आत्ता सांगतोय कारण ही ३१ नंबर पुढं येणार आहे.

पॉवरसाठी चार रिले, बॉशच्या आकाराचे साधे. एक मेन, त्याच्यावर इंजेक्टर आणि कॉइल वेगवेगळ्या फ्यूजमधनं, एक पंपाचा, एक पंख्याचा, एक जादा. पंपाचा रिले ईसीयूच चालवतो, चावी लावली की दोन-तीन सेकंद पंप घुर्र करून थांबतो आणि इंजिन फिरायला लागलं की परत चालू. इंजिन बंद पडलं की पंप आपोआप बंद. गाडी कलंडली तरी पेट्रोल ओतत बसत नाही, म्हणून पंप कधीही सरळ चावीवर जोडू नका, कुणी कितीही सांगू दे.

इथं एक चूक केली. बोर्डचा चावीचा सप्लाय मी डॅशमधल्या ज्या वायरवरनं घेतला ती चावी ऑनला असताना जिवंत, पण स्टार्टला फिरवली की मरायची. म्हणजे स्टार्टर फिरतोय आणि ईसीयू झोपलेला, चावी सोडली की ईसीयू जागा, इंजिनला उरलेले दोन फेरे मिळाले तर भुर्र, नाहीतर काही नाही. एक अख्खा रविवार मी पेट्रोल कमी-जास्त करत बसलो होतो. मल्टीमीटर लावून बायकोला चावी फिरवायला सांगितलं, तिनं फिरवली आणि आकडा धाडकन शून्य. ऑन आणि स्टार्ट दोन्हीला जिवंत राहणारी वायर घ्या, झालं.

क्रँकचा सिग्नल. मूळच्या सेटअपच्या भानगडीत न पडता पुलीवर ३६ वजा १ चं चाक बसवलं, म्हणजे ३६ दात आणि त्यातला एक गायब. उद्यमनगरात लेझरवर कापून घेतलं, लेथवाल्यानं पुलीला बरोबर मधोमध बसवून दिलं. दातापासून सेन्सर एक मिलिमीटरवर. सेन्सर व्हीआर टाइपचा, दोन वायरी, आत नुसती गुंडाळी आणि चुंबक. याला शील्डेड केबलच पाहिजे आणि शील्ड फक्त ईसीयूच्या टोकाला जोडायची, इंजिनच्या टोकाला मोकळी. कॅम सेन्सर जोडला नाही, त्यामुळं वेस्टेड स्पार्क, दोन-दोन सिलिंडरला एकदम ठिणगी. चालतं की.

इंजिन चालू झालं त्या दिवशी जे काय झालं ते झालं, मिस्त्रींनी पेढे आणले, पण ३००० आरपीएमच्या वर नेलं की फट् करून कट व्हायचं. खाली एकदम गुळगुळीत, वर फट्. मी पेट्रोल, पंप, फिल्टर सगळं बघितलं. मग ट्युनरस्टुडिओतला सिंक लॉसचा आकडा बघितला तर तो प्रत्येक फट् ला एकानं वाढतोय. म्हणजे ईसीयूला दातच मोजता येत नव्हते. व्हीआर सेन्सरच्या दोन वायरी उलट्या लागल्या होत्या. दोन वायरींच्या सेन्सरला उलट-सुलट काय, असं वाटतं ना? असतं. लाट शून्य ओलांडते तो क्षण ईसीयू दात म्हणून धरतो, सरळ जोडला तर ते ओलांडणं दाताच्या मधोमध खाडकन होतं, उलटा जोडला तर ते दोन दातांमधल्या मोकळ्या जागेत पडतं, आणि गायब दाताच्या जागी लाट एवढी आडवी होते की कधी कुठं ओलांडेल नेम नाही. कमी फेऱ्यांना खपून जातं, वर गेलं की चुकतं. कनेक्टरमधल्या दोन पिना काढून अदलाबदल, चार मिनिटं. पण लक्षात ठेवा, यानंतर ट्रिगरचा अँगल बदलतो, म्हणून टायमिंग (ठिणगी कधी पडायची ते) १० डिग्रीला फिक्स करून टायमिंग लाइटनं परत जुळवायचं. स्क्रीनवर १० दिसतंय म्हणजे इंजिनवर १० असेलच असं काही नाही, आणि तसंच पळवलं तर पिस्टनला भोक पडायची तयारी.

कॉइल फोक्सवॅगनच्या चार पिनवाल्या घातल्या, भंगारात सहज मिळतात आणि इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारा स्विच) आतच असतो. स्पीडुइनोचा इग्निशन आउटपुट हा नुसता सिग्नल आहे, त्याला साधी दोन पिनची कॉइल सरळ जोडायची नाही, मधे इग्नायटर लागतो. आणि सेटिंगमधे गोइंग लो आणि गोइंग हाय असे दोन पर्याय असतात. जवळजवळ सगळ्या कॉइलना गोइंग लो. चुकून दुसरं पडलं तर कॉइल सबंध वेळ भरलेली राहते, हात लावाल तर भाजेल एवढी तापते आणि मरते. माझ्या ओळखीच्या एकानं एका संध्याकाळी दोन घालवल्या.

प्लगचं पण सांगतो. मिस्त्रींच्या कपाटात नवे प्लग पडले होते, ते घातले, आणि लॅपटॉप दर मिनिटाला तुटायला लागला. यूएसबी केबल बदलली, लॅपटॉप बदलला, मेव्हण्याचा ऑफिसचा लॅपटॉप आणला, तोही तुटतोय. प्लग रेझिस्टरचे नव्हते. एनजीकेच्या नंबरात बघा, बीपी६ईएस आणि बीपीआर६ईएस, मधला आर म्हणजे रेझिस्टर. आर नसेल तर प्रत्येक ठिणगीला रेडिओ स्टेशन चालू. तुमच्या इंजिनचा जो नंबर असेल त्यातला आरवालाच घ्या. बदलल्यापासून लॅपटॉप एकदाही तुटला नाही.

सेन्सरचं कॅलिब्रेशन स्वयंपाकघरात केलं. कूलंट आणि हवेचे टेंपरेचर सेन्सर दोन्ही साधे, तापले की रेझिस्टन्स कमी. कंपनीचा तक्ता नसेल तर तीन ठिकाणी मोजा: बर्फाच्या पाण्यात, घरातल्या टेंपरेचरला आणि उकळत्या पाण्यात. उकळत्याला १०० लिहू नका, कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, इथं पाणी ९८ च्या आसपास उकळतं. थ्रॉटलचा सेन्सर मात्र गाडीत, चावी ऑन करून १२ व्होल्टवर कॅलिब्रेट करा, नुसत्या यूएसबीवर बोर्डाला पाच व्होल्ट पूर्ण मिळत नाहीत आणि आकडे चुकतात. इंजेक्टरचा रेझिस्टन्स पण मोजून घ्या, माझे साडेबारा ओहम आले म्हणजे सरळ जोडता येतात. दोन-तीन ओहमवाले निघाले तर सिरीजमधे रेझिस्टर घालावे लागतात नाहीतर ड्रायव्हर जाईल.

आता ती ३१ नंबर. सगळं झालं, गाडी आयडलला सुंदर, टेंपरेचर चढत चढत ९२ ला आलं, पंखा लागला, आणि लगेच बंद. परत लागला, परत बंद. रिले टिक टिक टिक टिक, लग्नातल्या लाइटिंगसारखा. स्क्रीनवर बघतो तर पंखा लागला की टेंपरेचर ९२ वरनं एकदम ८२, बंद झाला की परत ९२. पाणी एका सेकंदात दहा डिग्री गार होतंय असा रेडिएटर अजून कुणी काढलेला नाही. मी सेन्सर बदलला. रिले बदलला. बोर्ड खराब असणार म्हणून त्या विकणाऱ्याला शिव्या घालणारा मेसेज टाइप पण केला होता, पाठवला नाही नशीब.

मिस्त्रींच्या शेजारी एक म्हातारे वायरमन आहेत, सगळे मामा म्हणतात. ट्रकच्या वायरिंगमधे आयुष्य गेलं, लॅपटॉपकडं ते बघत पण नाहीत. पानाची पिचकारी बाहेर टाकून आले आणि म्हणाले,

"ह्या सेन्सरचा अर्थ कुठनं घेतलास रं?"

अर्थ म्हणजे अर्थिंगची, मायनसची वायर. म्हटलं बॉडीवरनं मामा, हेडलाइटच्या मागं बोल्ट आहे त्याच्यावर.

"आन् पंख्याचा?"

त्याच बोल्टवर.

"मग बोंबल."

एवढं बोलून गेले. मला कळायला अजून दहा मिनिटं लागली. मीटर मिलिव्होल्टवर लावला, एक टोक बॅटरीच्या मायनसला, एक त्या बोल्टला. पंखा बंद, शून्य. पंखा चालू, १३५ मिलिव्होल्ट. बोल्टखाली रंग होता, कॉन्टॅक्ट अर्धवट, पंख्याचा दहा-बारा अँपिअर तिथनं जाताना तेवढा व्होल्टेज तिथं पडत होता. सेन्सरचा अर्थ तिथंच, म्हणजे सेन्सरची अख्खी पायरीच तेवढी वर उचलली जायची. गरम पाण्याला सेन्सरचा सिग्नल मुळातच अर्ध्या व्होल्टच्या आसपास, त्यात हे १३५ मिळवले की ईसीयूला वाटतंय रेझिस्टन्स वाढला, पाणी गार झालं, पंखा बंद करा. पंखा बंद, पायरी खाली, पाणी परत गरम. मी चार दिवस ईसीयूला दोष देत होतो आणि ईसीयू बिचारा जे दिसतंय तेच सांगत होता. पॅनलमधे आम्ही दिसेल त्या लोखंडाला अर्थिंग करतो, ती सवय इथं नडली.

सेन्सरचे सगळे अर्थ एकत्र करून फक्त बोर्डच्या सेन्सर ग्राउंडला नेले, इंजिनला नाही, बॉडीला तर नाहीच. बोर्डचे पॉवर ग्राउंड इंजिनच्या ब्लॉकवर एकाच ठिकाणी, रंग खरवडून. कॉइलचे अर्थ हेडवर. पंख्याचा जाड वायरनं सरळ बॅटरीला. आणि बॅटरी ते ब्लॉक, ब्लॉक ते बॉडी नवे जाड पट्टे. अडीच तासाचं काम. याच्यानंतर हवेचा सेन्सर, थ्रॉटल, सगळ्यांचे आकडे असे शांत झाले की आधी ते थरथरत होते हेच मला तोवर माहीत नव्हतं.

ट्यूनिंगवर जास्त लिहीत नाही, एकच सांगतो. वाइडबँड सेन्सरशिवाय, म्हणजे सायलेन्सरच्या धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरशिवाय, या फंदात पडू नका. बॉशचा एलएसयू ४.९ कंट्रोलरसकट घेतला, तो बोर्डपेक्षा महाग पडला, पण त्याच्याशिवाय टेबल भरणं म्हणजे डोळे बांधून मीठ घालणं. आणि गेजवर एएफआर (पेट्रोलच्या किती पट हवा) बघायच्या ऐवजी लॅम्डा बघा. पूर्वीच्या पेट्रोलला १४.७ हा आकडा पाठ होता सगळ्यांना, आता पंपावर ई२० मिळतंय, २० टक्के इथेनॉल, त्याचा आकडा साडेतेराच्या आसपास येतो. १४.७ धरून बसलात तर हिशोब गडबडतो, लॅम्डा १, म्हणजे हवा-पेट्रोल नेमकं जुळलेलं, कुठल्याही पेट्रोलला १ च.

बोर्डच्या मर्यादा पण सांगायला पाहिजेत. इंजिन नॉकिंग करतंय (पेट्रोल आपोआप भडकून ठोकतंय) का ते हा बघत नाही, त्यामुळं टायमिंग मी मुद्दाम दोन-तीन डिग्री मागं ठेवलंय. मेगावर कॅन बस नाही, म्हणजे नव्या गाडीच्या मीटरशी, एबीएसशी हा बोलणार नाही. जिप्सीला त्याचं काय सोयरसुतक. वॉटरप्रूफ वगैरे काही नाही, तुमचा डबा किती चांगला तेवढा तो सुरक्षित. गाडीवर वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी काढा आणि ईसीयूचे कनेक्टर पण काढा, मिस्त्री हसले तरी काढा. आयडल व्हॉल्व्ह मी अजून जोडलेला नाही, थ्रॉटलच्या स्क्रूवर ९५० ला ठेवलंय, थंडीच्या दिवसात पहिली दोन मिनिटं पायानं सांभाळावं लागतं.

खर्च म्हणाल तर बोर्ड साडेबारा हजार, आणि वायर, कनेक्टर, क्रिंपर, रिले, फ्यूजबॉक्स, डबा मिळून १९ हजारांच्या वर, वाइडबँड वेगळा. बजेट करताना लोक ईसीयूचीच किंमत धरतात आणि वायरिंगला दोन हजार लिहितात, मी पण दोन हजारच लिहिले होते, वही आहे अजून.

कायद्याचं पण बोलून घेतो कारण कुणीतरी विचारणारच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणं इंजिन बदलायला आरटीओची परवानगी लागते, आणि २०१९ मधे सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध बदल चालणार नाहीत. विनापरवानगी बदलाला प्रत्येकी पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद पण होऊ शकते. माझी गाडी रस्त्यावर नसते, टेंपोत घालून गगनबावड्याच्या बाजूला मित्राच्या रानात नेतो आणि तिथंच चिखलात घालतो. रोजच्या गाडीत हे करायचं असेल तर आधी आरटीओ, मग बोर्ड.

गेल्या जुलैत तिथं गाडी बंपरच्या वर पाण्यात उतरली होती. गगनबावड्याचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला सांगायला नको. बाहेर काढल्यावर एक कनेक्टर उघडून बघितला, आत कोरडा ठणठणीत. हेडलाइट मात्र एक गेला, तो कंपनीच्या मूळ वायरिंगवर होता, हे मी मिस्त्रींना चार वेळा सांगितलं.

घेऊ का नको? सोल्डरिंग येतं, मल्टीमीटर हातात धरता येतो, वही लिहायची सवय आहे आणि गाडी दोन-तीन महिने उभी राहिली तरी घरात भांडणं होत नाहीत, तर घ्या, साडेबारा हजारात एवढं शिकवणारी दुसरी वस्तू मला माहीत नाही. पाचपैकी साडेचार, अर्धा त्या व्हिडिओच्या लिंकबद्दल कापला. नुसतं चावी मारून पळवायचं असेल तर ज्यानं आधी दोन-चार गाड्या केल्यात अशा माणसाकडं पैसे देऊन करून घ्या, आणि त्याला पहिला प्रश्न सेन्सरचे अर्थ कुठं नेणार हाच विचारा. उत्तर देताना तो बॉडीकडं बोट दाखवेल तर चहा पिऊन घरी या.

पंखा आता ९२ ला लागतो, ८८ ला बंद होतो. मामा अजून गाडी उभी दिसली की काम सोडून येतात आणि पंखा लागेपर्यंत बॉनेटपाशी उभे राहतात.